येणे आटते, देणे आटत नाही

(मंडळाच्या वार्षिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तो विषय आहे 'आर्थिक मंदी आणि आपले घर'. विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा एकदोघी म्हणाल्या, "अहो, मंदी म्हणजे बँका, शेअरबाजार आणि सरकार यांचा मामला. त्यात आपण बायका काय करणार?" मी अर्थशास्त्राची पंडिता नव्हे. घरखर्चाची वही नेमाने लिहिणारी एक बाई आहे, आणि या वहीच्या आधारानेच मी चार शब्द बोलणार आहे. कारण मंदी वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत छापून येण्याच्या कितीतरी आधी ती वाण्याच्या उधारीच्या वहीत उमटलेली असते. कारखान्यातील जादा पाळी बंद होते, कंत्राटी माणसांना "पुढच्या आठवड्यात पाहू" असे सांगितले जाते, दिवाळीचा बोनस लांबतो, आणि नेहमी रोख देणारे गिऱ्हाईक दुकानदाराला म्हणते, "लिहून ठेवा." ही मंदीची पावले. ती प्रथम ऐकू येतात ती आपल्यालाच.

महागाई आणि मंदी यांत आपण पुष्कळदा गल्लत करतो. महागाईत हातात पैसा असतो, पण त्यात माल थोडा येतो. मंदीत दुकान मालाने भरलेले असते, पण घेणाऱ्याच्या हातात पैसा नसतो. समजा, शंभर घरांनी या वर्षी लुगडी-साड्या घेतल्या नाहीत. मग दुकानदार इचलकरंजीच्या किंवा मालेगावच्या व्यापाऱ्याकडे नवी मागणी नोंदवीत नाही. तेथील माग एक पाळी कमी चालतो. मागावरच्या कामगाराचा पगार घटतो. त्याची बायको दूध अर्धा लिटर कमी करते आणि मुलाचा नवा गणवेश पुढे ढकलते. मग दूधवाला आणि शिंपी हेही हात आखडतात. असे हे रहाटगाडगे उलटे फिरू लागले की कोणी एकाने ते थांबवू म्हणून थांबत नाही.

आता थोडे मागे जाऊ या. आपल्यापैकी पुष्कळींनी आपल्या आजीच्या तोंडून ऐकले असेल की तिच्या लहानपणी सगळे कसे स्वस्त होते. १९३० नंतरच्या काही वर्षांची ही स्वस्ताई खरीच होती. पण ती कोणाच्या जिवावर होती हे आपण विचारीत नाही. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात भाव कोसळले आणि जगभर मंदी पसरली. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांत एक बेकार होता. आपल्याकडे १९२८ ते १९३४ या काळात गव्हाचा भाव निम्म्यावर आला आणि देशाचा आयात-निर्यात व्यापारही जवळजवळ निम्मा झाला. खानदेश-वऱ्हाडातील कापूस पिकवणारालाही या पडत्या भावाची झळ बसली. मुंबईच्या गिरण्यांनी मजुरीत कपात केली आणि १९३४ साली कामगारांचा मोठा संप झाला. ज्याची नोकरी टिकली आणि पगार ठरलेला होता त्या शहरी घराला मात्र ही स्वस्ताई पर्वणी वाटली. एकाच मंदीत एका घरी पुरणपोळी आणि दुसऱ्या घरी उपास, असे घडले.

शेतकऱ्याचे असे का झाले, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळ्या मंदीचे मर्म त्यातच आहे. त्याच्या धान्याचा भाव निम्मा झाला, पण सरकारचा सारा रोख रकमेत ठरलेला होता. तो त्या मानाने उतरला नाही. सावकाराचे कर्जही रुपयांत लिहिलेले होते; तेही उतरले नाही. पूर्वी दोनशे रुपये येणाऱ्या घरी साठ रुपये सारा आणि व्याज गेले तर एकशेचाळीस उरत. शंभरच आले आणि साठ तसेच गेले तर उरले चाळीस. म्हणजे येणे निम्मे झाले, पण घरी शिजवायला उरले ते एक-तृतीयांशाहूनही कमी. येणे आटते, देणे आटत नाही. आज माझ्या भाषणातील एवढे एक वाक्य घरी नेलेत तरी मला पुरे.

आणि मग ही तूट कशातून भरून निघाली? बायकांच्या अंगावरून. २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने आपल्या चलनाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. आपला रुपया इंग्रजी चलनाला बांधलेला. त्यामुळे रुपयांत सोन्याचा भाव चढला. एकवीस-बावीस रुपये तोळ्याचे सोने पुढे तिशीपार गेले. तेव्हा खेड्यापाड्यांतून पाटल्या, गोठ, पुतळ्यांच्या माळा सराफाच्या तराजूत पडू लागल्या आणि तेथून बोटीत चढल्या. जो देश पिढ्यान्‌पिढ्या सोने विकत घेत आला तो त्या वर्षांत सोने बाहेर पाठवू लागला. कोणी म्हणाले, चांगला भाव आला म्हणून लोकांनी विकले. काहींनी विकलेही असेल. पण सारा आणि व्याज भरण्यासाठी विकलेल्या सोन्याला त्या काळीच 'अडचणीचे सोने' असे म्हणू लागले होते. या सोन्याचा हिशेब टनांत मांडला गेला. कोणत्या घरी कोणती बाई हात मोकळे करून उभी राहिली याचा हिशेब कोणी मांडला नाही.

हे सारे जुने झाले, आता कोठे सारा आणि सावकार, असे कोणी म्हणेल. तर आजच्या एका घराची वही उघडू या. घर कल्पनेतले आहे, पण आपल्यापैकी अनेकींना ते ओळखीचे वाटेल. दरमहा तीस हजार रुपये येतात. भाडे सात हजार, दुचाकी आणि फोन यांचा हप्ता पाच हजार, शाळा तीन हजार. हे झाले पंधरा हजारांचे ठरलेले देणे. किराणा, दूध, भाजी नऊ हजार. वीज आणि गॅस दोन हजार. जाण्यायेण्याचे दोन हजार. औषधपाणी एक हजार. हे चौदा हजार. शिल्लक एक हजार. आता कारखान्यात काम कमी झाले आणि तीसऐवजी वीस हजार येऊ लागले. पंधरा हजारांचे देणे हलत नाही. चौदा हजारांत जे चालत होते ते आता पाच हजारांत चालवायचे! पगार एक-तृतीयांश घटला, पण स्वयंपाकघरावर घाला पडला तो जवळजवळ दोन-तृतीयांशांचा. साऱ्याच्या जागी भाडे आले आणि सावकाराच्या जागी हप्ता आला. गणित तेच राहिले.

भगिनींनो, या पाच हजारांत घर चालवणारी कोण? आपणच. आणि आपण ते कसे चालवतो, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. पहिली कात्री आपण आपल्या ताटाला लावतो. सगळ्यांचे झाल्यावर उरेल ते खायचे, आणि काही उरले नाही तर "मला आज भूकच नाही" म्हणायचे. दुसरी कात्री आपल्या औषधाला. तिसरी मुलीच्या शाळेला किंवा शिकवणीला, मुलाच्या नव्हे. आणि चौथी मंगळसूत्राच्या वाट्यांना. हे सगळे बिनबोभाट होते आणि वर त्याला त्याग म्हणून गौरवले जाते. त्यागाला माझा विरोध नाही. पण जो त्याग दर वेळी एकाच माणसाने करायचा असे न बोलता ठरलेले असते, त्याला त्याग म्हणावे की घरातला अन्याय, याचा विचार व्हावा. रक्त कमी होऊन अंथरूण धरलेली आई घराला स्वस्तात पडत नाही. म्हणूनच मंदीची तयारी म्हणजे नुसती काटकसर नव्हे. तूट पडली तर ती कोठून भरायची हे हातात पैसा असतानाच सर्वांनी मिळून ठरवणे, ही खरी तयारी. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण मुलांना शिकवतोच.

आता ही तयारी कशी करावी ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट देण्यांची. वहीच्या एका पानावर घरातील सगळी ठरलेली देणी लिहा आणि त्यांचे येण्याशी प्रमाण काढा. येण्याच्या निम्म्याच्या आसपास ते पोचले असेल तर घर भक्कम दिसले तरी मंदीच्या वाऱ्यात ते डोलणारच. ज्या कर्जाचे व्याज सर्वांत चढे, ते आधी फेडा. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुष्कळदा तीच असते. ऋण काढून सण करू नये, हे आपल्या वाडवडिलांनी सांगितले. हप्त्याने फोन घेण्याच्या काळात ते अधिकच खरे झाले आहे. आणि कोणाला जामीन राहताना त्याचे कर्ज आपल्यालाच फेडावे लागेल असे समजूनच सही करावी.

दुसरी गोष्ट शिलकीची. निदान तीन महिन्यांचा खर्च रोख किंवा बँकेत, लगेच हाती येईल असा असावा. एकदम तो साठत नाही. थेंबे थेंबे तळे साचे. जमीन किंवा सोने ही शिल्लक खरी, पण मंदीत सगळेच विकायला निघतात तेव्हा जमिनीला गिऱ्हाईक मिळत नाही. पैसा कोठे ठेवता याकडेही लक्ष असावे. १९६२ पासून आपल्याकडे बँक ठेवींना विमा आहे. २०२० पासून एका ठेवीदाराला एका बँकेमागे व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत तो मिळतो. नागरी सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थेतील ठेवींना मात्र हे संरक्षण नाही. एक टक्का जास्त व्याजाच्या मोहाने सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवणे म्हणजे सगळे लोणचे एकाच बरणीत भरण्यासारखे आहे. एक बरणी बिघडली की वर्षाचे लोणचे गेले.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघराची. येथे आपल्याला कोणी शिकवायला नको. हंगामात धान्य भरणे, ते ऊन दाखवून ठेवणे, ही आपली जुनी विद्या. फक्त दोन पथ्ये पाळावी. घाबरून साठा करू नये, त्याने शेजारणीचा भाव चढतो. आणि कात्री लावताना पोषणाला लावू नये. बाहेरचे फरसाण, बिस्किटे, बाटलीतली पेये आधी बंद करावी. दूध, डाळ, पालेभाजी शेवटपर्यंत राखावी. तूरडाळ परवडेना तर मटकी, चवळी, कुळीथ, शेंगदाणे आहेत. नाचणीची भाकरी आहे. आणि वाढताना घरातील बाईचे ताट इतरांबरोबरच वाढावे. हा नियम सुबत्तेत लावून घेतला तरच तो टंचाईत टिकतो.

चौथी गोष्ट कपातीच्या यादीची. एका रविवारी सगळ्यांना घेऊन बसा, कर्त्या पुरुषांना आणि जाणत्या मुलांनाही. पगार चौथ्या हिश्शाने घटला तर काय सोडायचे, निम्मा झाला तर काय सोडायचे, हे लिहून काढा. त्याच कागदावर 'काहीही झाले तरी न तोडण्याच्या गोष्टी' म्हणून चार ओळी लिहा: दोन वेळचे जेवण, चालू औषधे, आरोग्यविम्याचा हप्ता आणि मुलगा-मुलगी दोघांचेही शिक्षण. मुलांसमोर पैशाचे बोलू नये असे काहींना वाटते. पण पंधरा वर्षांच्या मुलाला घरची खरी स्थिती माहीत असली तर तो सहलीचा हट्ट आपण होऊन सोडतो. माहीत नसली तर आईबाप कंजूष आहेत एवढेच त्याला कळते.

पाचवी गोष्ट कागदांची. रेशनकार्डावर सर्वांची नावे आहेत का ते पाहा. २०२० च्या टाळेबंदीत पात्र कार्ड असलेल्यांना माणशी पाच किलो जादा धान्य फुकट मिळाले, ज्यांचे कागद अपुरे होते ते रांगेतून परत गेले. बँकेत आणि विम्यात वारसाचे नाव नोंदवलेले असावे. नवऱ्याचा धंदा कर्जाच्या जोखमीचा असेल तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली त्याने आपला आयुर्विमा बायको-मुलांच्या हितासाठी काढावा. मग एरवी त्या रकमेवर सावकाराला किंवा बँकेला हात टाकता येत नाही.

सोन्याबद्दल स्वतंत्र बोलते, कारण प्रश्न नाजूक आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत म्हटले आहे की दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा बंदिवास अशा प्रसंगी नवऱ्याने घेतलेले स्त्रीधन त्याने परत दिलेच पाहिजे असे नाही. आजचा कायदा बाईच्या बाजूने याच्या बराच पुढे गेला आहे. १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन ही सर्वस्वी स्त्रीची मालमत्ता असल्याचे सांगितले; आणि अडचणीत नवऱ्याने ते वापरले तरी परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते, असे २०२४ साली पुन्हा स्पष्ट केले. म्हणून घरावर वेळ आली तर दागिना जरूर काढून द्यावा. घर आपलेच आहे. पण द्यावा तो वजन करून, वहीत तारीख घालून, सर्वांना सांगून. गहाण ठेवायचा तर पावती आपल्या नावाची घ्यावी, व्याज किती, मुदत केव्हा संपते, लिलावाची सूचना कशी येते, हे विचारून घ्यावे. दिवस पालटले की परत करायच्या देण्यांच्या यादीत त्या दागिन्याचे नाव असले पाहिजे.

आता बायकांच्या स्वतःच्या कमाईविषयी. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावच्या एका इमारतीच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि आणखी सहा जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले. त्यातून लिज्जतचा उद्योग उभा राहिला हे सर्वांना माहीत आहे. त्यांनी देणगी घ्यायची नाही आणि नफा-तोटा आपसांत वाटून घ्यायचा असे आरंभीच ठरवले, हे मात्र पुष्कळींना ठाऊक नसते. दुसरे उदाहरण गिरणगावचे. तेथे हजारो कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. त्यांना सावकारी व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे दार त्यांच्यासाठी उघडले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप लांबत गेला, अनेक जण गावी परतले. घरच्या पुरुषाचा पगार बंद आणि त्याच वेळी जेवायला येणारे गिऱ्हाईकही नाहीसे, अशा दुहेरी कात्रीत कितीतरी खाणावळी सापडल्या. यातून घेण्याचा धडा असा, की घरातील दुसरी कमाई पहिल्या कमाईच्याच खुंटीला टांगलेली नसावी. नवरा ज्या कारखान्यात, त्याच कारखान्याच्या माणसांवर आपला डबा अवलंबून असेल तर चार डबे दुसरीकडचेही धरावे. हातात एखादे असे काम असावे ज्याची गरज वाईट दिवसांतही संपत नाही: कपड्यांची दुरुस्ती, आजाऱ्याची देखभाल, लहान मुलांना सांभाळणे, पोळ्या-भाकऱ्या.

आणखी एक गोष्ट सांगते, ती ज्यांचा पगार किंवा पेन्शन मंदीतही चालू राहते त्यांच्यासाठी. मघाशी सांगितलेले उलटे रहाटगाडगे आठवा. सगळ्यांनीच भीतीने खर्च थांबवला तर मंदी वाढते. २०२० च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत देशाचे उत्पादन, सरकारच्या पहिल्या अंदाजाप्रमाणे, आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा २३.९ टक्क्यांनी घटले. त्या दिवसांत काही घरांनी कामाच्या बाईचा पगार घरबसल्या दिला, आणि काहींनी आपला स्वतःचा पगार पुरा येत असताना तिचा बंद केला. दोन्ही घरांनी त्याला काटकसरच म्हटले असते, पण दुसऱ्या घराची काटकसर गरिबाच्या चुलीतून झाली. ज्यांचे येणे शाबूत आहे त्यांनी वाण्याचे, शिंप्याचे, दूधवाल्याचे, मोलकरणीचे पैसे वेळेवर चुकते करावे. मंदीत यासारखे दुसरे समाजकार्य नाही.

शेवटी आपल्या मंडळाकडे वळते. कार्यकारिणीने तीन गोष्टींचा विचार करावा अशी माझी विनंती आहे. हंगामात वीस-पंचवीस घरांनी मिळून गहू, तांदूळ, डाळ एकत्र घाऊक भावाने आणावी. जुनी पाठ्यपुस्तके आणि गणवेश जमवून मे महिन्यात वाटप करावे, पण ते सर्वांसाठी खुले ठेवावे, म्हणजे घेणारीला कमीपणा वाटणार नाही. आणि सभासदांच्या वर्गणीतून एक छोटा अडीअडचणीचा निधी वेगळा काढावा. बिनव्याजी, ठरलेल्या हप्त्यांनी फेडायचा, आणि कोणी किती घेतले हे फक्त खजिनदारबाईंना ठाऊक.

एक चौथी गोष्ट आहे, तिला पैसे लागत नाहीत. घरात ओढाताण सुरू झाली की बाई सर्वांत आधी मंडळात यायची थांबते. हळदीकुंकवाला वाण लुटायचे म्हणून, भिशीचा हप्ता चुकला म्हणून, तीच साडी पुन्हा नेसायची लाज म्हणून. म्हणजे ज्या वेळी तिला चार जणींची गरज असते त्याच वेळी ती एकटी पडते. तेव्हा सलग दोन सभांना जी आली नाही तिच्या घरी कोणीतरी सहज जाऊन यावे. चौकशा करायला नव्हे, नुसते चहाला. आणि वर्गणी थकली म्हणून कोणाचे नाव हजेरीच्या वहीतून कमी करू नये. देणे आटत नाही हा बाजाराचा नियम असेल. मंडळाचा तो नसावा.